सातवी ओळ

१२ जानेवारी

प्रिय दादा,

सलाम.

तुझं पत्र काल दवाखान्याच्या टपालातून मिळालं. चार पानांत तीन वेळा 'वेळेवर जेवतेस ना' असं विचारलंयस. जेवते रे बाबा. इतकी जेवते की शिंपीणमावशींनी माझा पांढरा कोट दोन्ही बाजूंनी उसवून सैल करून दिला.

या मावशी कोण ते आधी सांगते. आमचा दवाखाना म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत डॉक्टरीणबाई आणि मी मलमपट्ट्या करतो, दुसरीत तीन खाटा. गल्लीपलीकडे, अगदी समोर, मावशी राहतात. आमच्या चादरी, पडदे, कोट सगळं त्याच शिवतात. मशीन पायाने चालवायचं, जुनं. वीज गेली की अख्ख्या गल्लीत तेवढा एकच आवाज उरतो. मावशी पॅलेस्टिनी आहेत, आणि आपल्यासारख्याच ख्रिस्ती. मी पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने विचारलं, 'तुमच्या घरात हा धर्म कोणी आणला?' तर म्हणाल्या, 'बाळ, तो इथूनच तुमच्याकडे गेला.' माझं तोंड अगदी बघण्यासारखं झालं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा शाळेत गणित शिकवायचा. ऑक्टोबरात लष्कराच्या शिपायांनी त्याला भरल्या ताटावरून उठवून नेलं. चपला घालायला धड वेळ दिला नाही. एक पायात गेली, दुसरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडली, ती अजून तिथेच आहे. मावशी जिना झाडतात तेव्हा ती उचलत नाहीत, तिच्या कडेकडेने झाडतात. आरोप काय, कुणी सांगत नाही. वकिलालाही फाइल दाखवत नाहीत. सहा महिन्यांची मुदत एप्रिलात संपेल. त्यांच्या मनात आलं तर सोडतील, नाहीतर वाढवतील. दादा, मला हे बघवत नाही. माणसाला कोंडायचं आणि का कोंडलं तेही सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. (सायकल मागितली होती, ती धरू नकोस.) आता मागते. आपल्या चर्चमधली रविवारची मध्यस्थीची प्रार्थना तूच टाइप करतोस, तूच वाचतोस. आजाऱ्यांपासून प्रवाशांपर्यंत तुझ्या त्या सहा ओळी मला अजून पाठ आहेत. त्यांच्याखाली सातवी घाल: 'पॅलेस्टिनी शिंपिणीसाठी, आरोप न सांगता कोंडलेल्या तिच्या शिक्षक मुलासाठी, आणि त्या लोकांवरचा अन्याय थांबावा म्हणून, प्रभो, आम्ही विनवणी करतो.' बस्स, एवढंच. नावं मुद्दाम देत नाही. इथली पत्रं फोडली जातात, आणि फोनवर तर तिसरा माणूस कायमचाच मुक्कामाला असतो. देवाला नावपत्ता लागत नाही.

आणि 'अन्याय' हा शब्द गाळू नकोस. तू जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीस. तुझ्या हातून शब्द निसटत नाहीत, म्हणून तर तुला सांगते.

तुझी भिंगरी


३० जानेवारी

प्रिय भिंगरे,

सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर त्या चपलेने माझा पिच्छा सोडला नाही. तुझ्या वहिनीची चष्म्याची डबी तिला जाऊन चार वर्षं झाली तरी मी खिडकीतून हलवलेली नाही. धूळ मात्र मीही कडेकडेनेच पुसतो.

तुझं काम झालं. शनिवारी नेहमीप्रमाणे कागद टाइप केला, पाळकसाहेबांची सही घेतली, रविवारी वाचला. सातवी ओळ वाचताना माझा आवाज जरा घोगरा झाला असावा. चर्चमधली सगळी मंडळी एकदम शांत झाली. आपले वकीलकाका आठवतात ना, शेवटच्या बाकावरचे? कानाला यंत्र लावूनही ज्यांना आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं? त्यांनीसुद्धा हात वर करून 'प्रभो, ऐक' म्हटलं. आता याहून मोठा पुरावा तुला काय हवा?

मावशींना माझा सलाम सांग. म्हणावं, काळजी करू नका, तुमच्यासाठी इथे माणसं उभी आहेत.

स्वेटर घालत जा. अंगावर दुखणं काढू नकोस. नर्सेसना ती फार वाईट सवय असते.

तुझा दादा


१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सलाम.

तू काय केलंस, तुला कल्पना नाही! तुझं पत्र मी मावशींना वाचून दाखवलं, त्यांच्या भाषेत, अडखळत अडखळत. वकीलकाकांपाशी आले तेव्हा त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग म्हणाल्या, 'ते पुन्हा वाच, बहिऱ्या माणसाचं.' मी तीन वेळा वाचलं.

आता ऐक. मी तुमच्या उपासनेची वेळ इथल्या घड्याळात बसवून दिली. गेल्या दोन रविवारी त्या घटकेला मावशी मशीनवरून पाय काढून घेतात, कापड मांडीवर ठेवतात आणि गप्प बसतात. गल्लीतला तो आवाज थांबला की सगळ्यांना कळतं. पहिल्या रविवारी बेकरीवाल्याची बायको काय झालं म्हणून बघायला आली. ती मुसलमान आहे. तिच्या सासऱ्यांचं रक्तशुद्धीचं यंत्र लष्करी फाटकापलीकडच्या इस्पितळात आहे, आणि फाटक उघडायचं की नाही ते तिथल्या शिपायाच्या मर्जीवर. मावशींनी तिला सांगितलं, 'दूर एका मंडळीत आत्ता माझ्यासाठी प्रार्थना चाललीय.' ती दारातच घुटमळली. म्हणाली, 'त्यांना आमच्यासाठी केलेली चालेल का?' मी तुला न विचारताच हो म्हणून टाकलं. चालेल ना? आता एकूण नऊजण येऊन बसतात.

मावशींनी वकिलाकरवी मुलाला निरोप पाठवलाय, की दर रविवारी इतकी इतकी माणसं तुझ्यासाठी उभी राहतात. त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

आणि एक. त्यांना तुमच्या वाचनाच्या मेजासाठी कापड शिवायचंय. काठाला लाल दोऱ्याचे क्रूस घालणार, ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्या प्रत्येकाचा एक. मेजाचं माप कळव. बरोब्बर हवं. 'अंदाजे' हा शब्द मावशींसमोर काढायची सोय नाही.

तुझी भिंगरी


६ मार्च

प्रिय भिंगरे,

सलाम.

माप घेतलं. लांबी बावीस इंच, रुंदी सोळा. पुढच्या बाजूला चार इंच खाली सोडायला सांग, म्हणजे मेजाचं उडालेलं पॉलिश झाकलं जाईल. पट्टी घेऊन मेजाभोवती फिरत होतो तेव्हा ऑर्गनवाल्या बाई सरावाला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, 'हे काय नवीन?' मी म्हटलं, 'लाकडाला कीड लागली का बघतोय.'

इतकी मेहनत कशाला करतात त्या? कापड नसलं तरी चालेल असं सांगून बघ. प्रार्थना काय, मनात झाली तरी पोचते.

बेकरीवालीचं चालेल, न चालायला काय झालं. पाळकसाहेबांचं मात्र अलीकडे म्हणणं पडतं की मध्यस्थीत कुणाची बाजू घेतल्यासारखं वाटू नये. सगळ्या जगाच्या शांतीसाठी मागितलं की त्यात सगळे आलेच. त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. मंडळी सांभाळायची म्हणजे चारी बाजू बघाव्या लागतात. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी आपलं सहज लिहिलं.

एक आनंदाची बातमी आहे. पण आत्ता सांगणार नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही.

तुझा दादा


९ एप्रिल

दादा,

मुदत वाढवली. आणखी सहा महिने.

मावशींनी सकाळीच पाणी तापवून ठेवलं होतं, तो आल्या आल्या अंघोळ करेल म्हणून. वकील एकटा आला. मावशींनी ते पाणी घेऊन सगळा जिना धुऊन काढला. ती एक पायरी सोडून.

वकिलाने मुलाचा निरोप आणला होता. आठ दिवसांपूर्वीचा, पण पोचला. 'आई, रविवारी सकाळची हजेरी झाली की मीही उभा राहतो. तिकडे ते उभे, इकडे मी. कोठडीतले बाकीचे विचारतात, मी म्हणतो, माझी मंडळी आलीय.' हे सांगताना तो वकीलसुद्धा चष्मा पुसत होता, आणि तो काही हळवा माणूस नाही.

दादा, 'जगाची शांती' वगैरे पाळकसाहेबांनी खुशाल मागावी. आमची ओळ मात्र आहे तशी राहू दे. मावशी म्हणाल्या, 'तुझ्या भावाला सांग, सगळे दमले तरी त्याने दमू नये.' आता त्यांचा भार सगळा तुझ्या त्या एका ओळीवर आहे.

कापड या टपालातून पाठवतेय. नऊ क्रूस आहेत. उजवीकडे जागा सोडलीय, माणसं वाढली तर म्हणून. तशीच एक पट्टी त्यांनी आपल्या मशीनला बांधलीय.

भिंगरी


२४ एप्रिल

प्रिय भिंगरे,

सलाम.

मास्तरांची बातमी वाचून फार वाईट वाटलं.

कापड मिळालं. माप तंतोतंत. सगळ्यांना आवडलं.

आता ती आनंदाची बातमी. मी येतोय! मंडळीची यात्रा निघालीय, प्रभू ज्या वाटांनी चालले त्या वाटांवर, बावीस माणसं, पाळकसाहेब धरून. सगळं मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरीसाहेब आहेत, त्यांनी जमवलं. यात्रा कंपनी त्यांच्या मेहुण्याचीच. मला यादी सांभाळायला म्हणून मंडळीतर्फे नेतायत. तुझी वहिनी या यात्रेसाठी वीस वर्षं एक बॅग कपाटावर ठेवून होती. तीच बॅग घेऊन येतोय. मे महिन्याच्या अकरा तारखेला आमचा मुक्काम तुझ्यापासून तासाभरावर आहे, हॉटेलचा पत्ता सोबत. तू ये. एकटीच ये, निवांत बोलत बसू. मावशींना दगदग देऊ नकोस. एवढी फाटकं ओलांडून त्यांनी कशाला यायचं?

तीन वर्षं झाली तुला बघून. ओळखशील ना? डोक्यावरचे केस आता हनुवटीवर आलेत.

तुझा दादा


२० मे

दादा,

घरी सुखरूप पोचला असशील. पोटही बरं झालं असेल.

पोट बिघडलंय, खाली येत नाही, असा निरोप तू हॉटेलच्या माणसाकरवी पाठवलास. मी विश्वासही ठेवला असता. पण तू जिन्याच्या वळणावर उभा होतास आणि माझ्यासमोर भिंतभर आरसा होता. अंगात वहिनीने विणलेला राखाडी स्वेटर. तू मला पाहिलंस, माझ्या शेजारी मावशींना पाहिलंस, आणि वळलास. तीन वर्षांनी माझा भाऊ मला दिसला तो पाठमोरा.

मावशींना मी आणलं नव्हतं, त्यांनीच मला आणलं. फाटकापलीकडे जायचा पास त्यांना महिन्यातून एक दिवस मिळतो, मुलाच्या वकिलाकडे जायला. तो दिवस त्यांनी तुमच्यावर खर्च केला. म्हणाल्या, 'वकील पुढच्या महिन्यात भेटेल, ही माणसं पुन्हा कधी येणार?' चार तास रांगेत उभ्या होत्या. नवा झगा शिवला होता, गुडघ्यांना पट्ट्या मी बांधून दिल्या होत्या.

तुझी मंडळी खाली चहा घेत बसली होती. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. वाटेत पाठ करत आल्या होत्या. 'तुम्ही मला कधी पाहिलं नाहीत, तरी दर रविवारी माझ्या मुलासाठी उभे राहिलात. माझ्या लोकांवरच्या अन्यायाला तुम्ही देवासमोर अन्याय म्हणालात. मी तुमचे आभार मानायला आले.' मी ते आपल्या भाषेत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही मी, मूर्खासारखी.

एकवीस कोरे चेहरे. पाळकसाहेब बशीत चमचा फिरवत राहिले. सेक्रेटरी म्हणाले, 'या कोण?' मग ऑर्गनवाल्या बाई उठून माझ्याजवळ आल्या, बिचाऱ्या अगदी हळू म्हणाल्या, 'कुठली ओळ गं? आपल्या सहाच आहेत.' मी म्हटलं, 'सातवी. दादा वाचतो ती. वकीलकाकांनी हात वर केला होता.' त्या म्हणाल्या, 'अगं, वकीलकाका डिसेंबरातच गेले. दादाने कळवलं नाही?'

डिसेंबरात. आणि तुझं पत्र जानेवारी अखेरचं. मेलेल्या माणसाला हात वर करायला लावलास तू!

मी शेवटचं म्हणून विचारलं, 'आणि ते कापड? नऊ क्रुसांचं?' त्यांचा चेहरा उजळला. 'ते होय! ते कमिटीच्या खोलीत चहाच्या मेजावर आहे. सगळे विचारतात, कुठून आणलं.'

तेवढ्यात मावशी माझी बाही ओढायला लागल्या. काय म्हणतात, काय म्हणतात? दादा, त्या घटकेला तू तिथे असायला हवा होतास. मी त्यांना सांगितलं, 'या म्हणतायत, तुमची ओळ आली की सगळी मंडळी उभी राहते. म्हणतायत, तुमच्या मुलाला आम्ही विसरणार नाही. कापड मेजावर फार शोभतं.' मेजावर, एवढं तरी खरं होतं. तुझ्या खोट्याची मला दुभाषी व्हावं लागलं. बरं झालं त्यांना आपली भाषा येत नाही. त्यांनी ऑर्गनवाल्या बाईंचा हात कपाळाला लावला आणि विचारलं, 'हिचा भाऊ कुठाय?' मी म्हटलं, आजारी आहे. घरी आल्यावर त्यांनी मशीनवरच्या पट्टीत दहावा क्रूस घातला. तुझ्यासाठी.

प्रभूला नाकारणाऱ्या त्या शिष्यासारखा कोंबडं आरवायची वाट बघत बसू नकोस. एकाच प्रश्नाचं उत्तर दे. एकदा तरी वाचलीस का?


४ जून

भिंगरे,

एकदाही नाही.

आता उरलेलं सांगतो. माझी बाजू मांडायला नाही. तुला कळायला हवं म्हणून.

जानेवारीत त्या शनिवारी मी सात ओळींचा कागद टाइप करून पाळकसाहेबांकडे नेला. सेक्रेटरीही तिथेच होते. त्यांनी वाचलं. ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. यात्रेच्या परवानग्या यायच्यात, म्हणाले, आपला कागद कुणी तिकडे दाखवला तर बावीस माणसांचं जाणं बुडेल. आणि मग म्हणाले, 'दादा, तुमची बहीण तिकडेच आहे ना? तुमची जागा धरलीय आम्ही.' पाळकसाहेबांनी पेन पुढे केलं. पेन त्यांचं होतं, काट मी मारली. तीच खूण, जी मी चाळीस वर्षं कच्च्या छपाईच्या समासात काढत आलो: हा मजकूर गाळा. सवयीचं काम.

वाटलं होतं, तुला पुढच्या पत्रात सांगेन. लिहायला बसलो आणि तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि हात भलतंच लिहीत सुटला. जिवंत माणसाच्या तोंडी खोटं घालवेना, म्हणून ते वकीलकाकांच्या हातात दिलं. त्यांना तरी आता कोण विचारणार होतं? मग तुझं ते नऊ माणसांचं पत्र आलं. मग माप. एका खोट्याला झाकायला दुसरं, त्याला तिसरं. मेजाचं माप घेतलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली होती, तरी मी पुढची पट्टी चार इंच सोडायला सांगितली. कापड आलं तेव्हा कुणी पाठवलं ते न सांगता कमिटीच्या खोलीत ठेवून दिलं. तिथे त्यावर चहाचे डाग पडले.

जिन्यावरून मी का वळलो? त्या माझे आभार मानायला आल्या होत्या. त्यांनी मला जोड्याने मारलं असतं तर मी खाली आलो असतो.

गेल्या रविवारी वाचली. कागदावर नव्हती, पाठ होती. सहा ओळी संपल्या आणि मी सातवी म्हटली, 'अन्याय' या शब्दासकट. सेक्रेटरी उठून उभे राहिले. पाळकसाहेबांनी गीत सुरू करा म्हणून ऑर्गनकडे खूण केली. ऑर्गनवाल्या बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझी ओळ संपेपर्यंत उचलले नाहीत. मंडळीत कोण काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही. कान नुसते वाजत होते. उपासना संपल्यावर वाचनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. कापड मी घरी आणलंय. दोनदा धुतलं, एक डाग जात नाही.

मावशींना सांग, गेल्या रविवारी खरोखर वाचली. माझं चुकलं, भिंगरे. मला माफ कर.

तुझा दादा


२१ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. खरं लिहिलंस, ते मला कळतं.

तू वाचलीस म्हणतोस त्या रविवारी, त्या घटकेला मी मावशींकडे बसले होते. मशीन चालू होतं.

हॉटेलातून आलो तेव्हापासून त्यांनी ते एकाही रविवारी थांबवलेलं नाही. मी समजत होते, काम तुंबलंय. बेकरीवाली आणि बाकीची माणसं दारापर्यंत यायची, आवाज चालू आहे बघून परत जायची. तुझं पत्र आल्यावर मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, 'त्या बाई बोलल्या वीतभर आणि तू मला सांगितलंस वारभर. माझा जन्म मापं घेण्यात गेला, पोरी.'

म्हणजे तिथेच, उभ्या उभ्या, त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी ऑर्गनवाल्या बाईंचा हात कपाळाला लावला. मला तोंडघशी पाडायला नको म्हणून. मी म्हटलं, 'मावशी, दादाने आता खरोखर वाचलीय.' त्यांनी विचारलं, 'तुला कोणी सांगितलं?' मी म्हटलं, 'त्यानेच लिहिलंय.' त्यांनी पुढची शिवण घेतली. माझं उत्तर मलाच ऐकू आलं: पुरावा म्हणून पुन्हा तुझंच पत्र.

तुझा दहावा क्रूस अजून पट्टीवर आहे. उसवू का, म्हणून मी विचारलं, कात्रीही घेतली होती. म्हणाल्या, 'आजारी आहे म्हणाली होतीस ना? मग राहू दे.'

माफीचं मला विचारू नकोस. माझ्याकडे आत्ता नाही, आणि आहे असं लिहायला मी तुझ्याकडून शिकलेली नाही.

या महिन्याच्या पासवर त्या वकिलाकडे जाऊन आल्या. मुलगा अजून दर रविवारी उभा राहतो. आता त्याच्याबरोबर कोठडीतले आणखी चौघे उभे राहतात. वकील मोठ्या कौतुकाने सांगत होता. त्याला तुमचं काही माहीत नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि बरं म्हणाल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, 'मी त्याला काय कळवू? खाली बस म्हणून?' दादा, तुझं खोटं आता त्या सांभाळतायत. पोटच्या पोराशी.

म्हणून सांगते. वाचन काढून घेतलं असेल तर बाकावरून म्हण. बाकावरून उठवलं तर बाहेर पायरीवर उभा राहून म्हण. एकटा असलास तरी म्हण. आणि म्हटल्याचं मला कळवू नकोस. तुझ्या अक्षरात काही लिहिलेलं दिसलं की मला ते अजूनही खरं वाटतं. लहानपणापासूनची खोड आहे, ती मोडायला मला वेळ लागेल.

फक्त वेळ चुकवू नकोस. मशीन चालू असेल, त्याचा विचार करू नकोस. तिकडे सकाळची हजेरी संपते, आणि तो उठून उभा राहतो.

बहीण